मीटरच्या पुढचं आपलं

मंगळवेढ्यात वाढत्या वस्तीतून फिरलं की बऱ्याच घरांच्या गच्चीवर गंजलेल्या सळया उभ्या दिसतात. खालचा मजला बापानं बांधलेला असतो आणि वरचा मुलाच्या लग्नासाठी राखून ठेवलेला. ज्वारीचे दोन पैसे हातात आले, साखर कारखान्याचं बिल निघालं किंवा सोयरीक जमली की त्या सळयांवर खांब चढतात, स्लॅब पडतो आणि घरात एक वाद निघतो. फरशी कुठली यावर तो होत नाही, कारण फरशी घरातल्या बायका ठरवतात. वाद होतो लाईट फिटिंग कुणाला द्यायचं यावर.

तो वाद इथं एका मामाच्या आणि त्याच्या भाचीच्या तोंडी घातला आहे. मामा काळ्या शिवारातला ज्वारीवाला, घर गावात. भाचीनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय आणि ती सोलापूरजवळच्या एका कारखान्यात देखभालीचं काम पाहते. माणसं कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र गल्लीतलेच.

मामा : तात्याला सांगून टाकलंय. सोमवारपासनं झिऱ्या मारायला येतूय.

भाची : मामा, तात्यांकडं परवाना आहे?

मामा : कशाचा परवाना? आगं, तुझ्या आईच्या लग्नाचा मांडव त्यानं उजळलाय. ह्या गल्लीतली निम्मी घरं त्याच्या हातची. रात्री अकराला फोन कर, चप्पल न घालता येतूय.

भाची : चप्पल न घालता लाईटचं काम करतात, हेच तर सांगायचंय मला.

मामा : शब्दात नको पकडू. परवानावाला ठेकेदार सोलापुरात नाहीतर पंढरपुरात बसतूय. एका पंख्यासाठी यील का तो?

भाची : पंख्यासाठी बोलवायचंच नाही त्याला. कायद्यालाही ते नकोय. बल्ब, पंखा, फ्यूज, बटन जुन्या जागी बदलायचं असेल आणि त्यानं लोड बदलत नसेल, तर परवान्याची अट नाही. 1956 च्या नियमांत ही सूट होती, पुढं 2010 च्या सुरक्षा नियमांतही आली.

मामा : मग मिटलं की!

भाची : कुठं मिटलं? तुम्ही वर नवी वायर टाकताय. गिझर, पाण्याची मोटर, पुढंमागं एसी. घराचं लोडच बदलतंय. तिथं राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असलेला ठेकेदार लागतो, त्याच्याकडं प्रमाणपत्रवाला पर्यवेक्षक लागतो आणि हातानं काम करणाऱ्याकडं तारतंत्रीचा परवाना.

या सवलतीचं कलम बहुतेकांना माहीतच नसतं. त्यामुळे एका टोकाला बल्बसुद्धा परवानेवाल्यानंच बदलावा अशी धास्ती असते, दुसऱ्या टोकाला आख्खा बंगला कुणीही ओढावा अशी मोकळीक. नियमानं रेघ मधेच कुठंतरी मारली आहे, आणि ती शहाणपणाची आहे. जे डोळ्यांना दिसतं आणि लगेच बदलता येतं ते तुमचं. जे भिंतीत गाडलं जाणार आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं कुणी उघडून पाहणार नाही, त्यासाठी उत्तर द्यायला कुणीतरी बांधलेला हवा.

मामा : बांधलेला म्हणतीस. आता माझं ऐक. खालच्या मजल्याच्या मीटरला कागद लागला होता, टेस्ट रिपोर्ट. त्याच्यावर परवानावाल्याची सही हाय. तो माणूस ह्या घराचा उंबरा चढला न्हाई. वायरमनच्या हाती कागद दिला, पैसे दिले, सही आली. तुझा बांधलेला माणूस तो हाच का?

भाची : (जरा थांबून) हाच.

मामा : मग कशाला सांगतीस? कागद न्हाई तो तात्या घरात येऊन काम करतूय, आणि कागद हाय तो घर बघत न्हाई. यातला बेइमान कोण?

इथं मामाची बाजू भक्कम आहे, आणि भाचीनं ती उडवून लावली असती तर हा लेख लिहिण्याजोगा राहिला नसता. नवा मीटर घेताना घरातली वायरिंग तपासून ती योग्य असल्याचा अहवाल परवानाधारक ठेकेदारानं द्यायचा असतो. वीज सुरू होण्याआधी कुणीतरी जाणत्यानं घर एकदा पाहावं, एवढाच त्या कागदाचा हेतू. न पाहता केलेल्या सहीनं तो एकच क्षण वाया जातो. माझ्या मते तात्याच्या अडाणी जोडापेक्षा ही सही जास्त घातक आहे, कारण जोड सुटला तर एखादी खोली अंधारते, आणि ही सही सगळं घर तपासल्याचा खोटा विश्वास देते.

भाची : मामा, ती सही खोटी होती म्हणून तपासणीच खोटी ठरत नाही. उलट तुमच्या घराची तपासणी झालेलीच नाही असं ठरतं. अर्थिंग कुठं आहे खालच्या मजल्याचं?

मामा : मागं, न्हाणीच्या भिंतीला. खड्डा घेतला, मीठ टाकलं, कोळसा टाकला, पाइप ठोकला. तात्यानं माझ्यासमोर केलंय.

भाची : पाणी घालता त्यात?

मामा : (हसून) आगं, चार दिवसांनी नळ येतूय आणि मी अर्थिंगला पाणी घालू?

भाची : मग आपल्या मातीचं काय होतं उन्हाळ्यात, ते तुम्हीच सांगा. शिवार तुमचं.

मामा : भेगाळती. हात जाईल येवढ्या भेगा पडत्यात.

भाची : त्याच भेगा त्या पाइपाभोवतीही पडतात. काळी माती ओली असली की वीज छान वाहून नेते, अर्थिंगसाठी अशी जमीन शोधून सापडणार नाही. पण वैशाखात ती आकसते आणि पाइपापासून सुटते. पाइप जमिनीतच असतो, पण जमिनीला चिकटलेला नसतो.

मामा : बरं, सुटला. त्यानं काय होतंय?

भाची : हिशेब करून दाखवते. फ्रिजच्या आत फेजची वायर खरवडली आणि पत्र्याला टेकली. अर्थिंग चांगलं असेल, म्हणजे वीज जमिनीतून परत डीपीपर्यंत जायच्या सगळ्या वाटेचा रोध दोन ओहम धरा. 230 भागिले दोन, 115 ॲम्पिअर. सोळाचा एमसीबी खाडकन पडेल. तोच रोध उन्हाळ्यात वीस ओहम झाला, तर 230 भागिले वीस, साडेअकरा ॲम्पिअर. सोळाच्या एमसीबीला त्यात काही वावगं दिसणार नाही. फ्रिज चालूच राहील, त्याच्या पत्र्यात फेज उभा राहील आणि मामी अनवाणी पायानं दार उघडतील.

मामा : तात्या टेस्टर लावून बघतूय की.

भाची : टेस्टर लावला की फेज आहे का एवढंच कळतं. जमिनीचा रोध किती, हे टेस्टर सांगत नाही. त्याला मोजायचं यंत्र लागतं. वायरच्या आवरणालाही तसंच. मेगर लावून 500 व्होल्ट मिनिटभर द्यायचे आणि किमान एक मेगओहम रोध मिळतो का पाहायचं, असं नियमात लिहिलंय. तात्यांच्या पिशवीत पक्कड आहे, टेप आहे, टेस्टर आहे. मेगर आहे का?

मामा गप्प. तात्याच्या पिशवीत मेगर नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण गप्प बसणं आणि पटणं यांत मंगळवेढ्यात बरंच अंतर असतं.

मामा : तरी इतकी वर्षं कुणाला काय झालं न्हाई.

भाची : पावसाळा, हिवाळा आणि नशीब. अर्थिंग नसलेलं घर वर्षानुवर्षं नीट चालतं. पंखा फिरतो, टीव्ही लागतो. जिचा रोज उपयोगच पडत नाही ती वस्तू बिघडली, हे कसं कळणार? आणि कुणाला काही झालं नाही असं नका म्हणू. नळाला टिल्लू मोटर लावून पाणी ओढताना बायकांना झटके बसल्याचं कानावर येत नाही का? पत्र्याच्या शेडवरून आलेली सर्व्हिस वायर वाऱ्यानं घासते, तिची साल निघते आणि त्याच शेडच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते. ओला कपडा टाकला की काय होतं, तेही तुम्ही ऐकलंयच.

मामा : ऐकलंय. पण ते लोकांच्या निष्काळजीनं.

भाची : देशात दरवर्षी बारा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्यानं मरतात, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आकडे आहेत. सगळेच निष्काळजी होते?

मामा : त्यात शेतातली आली, डीपीवर चढलेली आली, तार तुटून मेलेली आली. ती सगळी तात्याच्या नावावर नको मांडू.

भाची : नाही मांडत, बरोबर आहे. पण मीटरपर्यंतचं काम कंपनीचं असतं आणि मीटरच्या पुढचं आपलं. अपघात झाला की 2003 च्या कायद्याप्रमाणं विद्युत निरीक्षक चौकशीला येतो. तो पहिल्यांदा हेच पाहतो की दोष खांबाकडचा की घरातला. घरातला निघाला तर विचारणार कुणाला? तात्यांनी काम केल्याचा कुठं एक कागद आहे?

मामा : कागद, कागद! ह्याच गावात दामाजीपंत होऊन गेले. दुष्काळात बादशहाचं कोठार उघडलं ते काय परवाना बघून? माणसं जगवायची होती, उघडलं.

भाची : उघडलं. आणि मग पांडुरंगाला विठू महार होऊन बिदरला जावं लागलं, धान्याचे पैसे भरावे लागले आणि पावती घ्यावी लागली. देवालासुद्धा पावती सुटली नाही, मामा!

मामाला या उत्तराचा राग येण्याऐवजी हसू आलं, कारण पावतीची गोष्ट त्यानंच तिला लहानपणी मंदिरात सांगितली होती. पण दामाजींचा दाखला पूर्णपणे उडवून लावण्यासारखा नाही. मामा जे म्हणतोय त्याचा गाभा असा की गरजेच्या वेळी जो दाराशी येतो तोच खरा, आणि परवान्याची व्यवस्था तालुक्याच्या गावात दाराशी येत नाही. तात्यासारखी माणसं नसती तर निम्म्या घरांत अजून कंदील असता. या माणसांनी वीज गावागावांत आणि वाड्यावस्त्यांवर घराघरांत पोहोचवली. काहींनी जमिनीत सळई ठोकून एका फेजवर बल्बही पेटवून दाखवले. ती करामत भयंकर होती, पण करामतच होती.

भाची : तात्यांच्या हाताला मी नाव ठेवत नाही. मला भीती वाटते ती त्यांना जे शिकवलंच गेलं नाही त्याची. गेल्या वर्षी शेजारच्या घरात आरसीसीबी बसवला होता, आठवतंय?

मामा : आठवतंय की. सारखा पडायचा. इन्व्हर्टर लावला की धाडकन खाली. लई वैताग. तात्यानं काढून टाकला, तवापासनं झकास.

भाची : तोच एक डबा माणसाचा जीव वाचवणारा होता.

मामा : आणि एमसीबी कशाला असतूय मग?

भाची : वायर वाचवायला. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर अंगातून जाणारा प्रवाह पाव ॲम्पिअरपेक्षाही कमी. माणूस मरायला तेवढा पुष्कळ झाला, आणि सोळाच्या एमसीबीला तो कळतसुद्धा नाही. आरसीसीबी 30 मिलीॲम्पिअरवर पडतो. फेजनं जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलनं परत आली का, एवढंच तो बघतो. कमी आली म्हणजे कुठंतरी जमिनीत जातेय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. मग क्षणात बंद.

मामा : मग इन्व्हर्टरला का पडायचा? कुणाच्या अंगातनं जात होती वीज?

भाची : कुणाच्याच नाही. इन्व्हर्टरच्या आणि मेनच्या लाईनचे न्यूट्रल एकत्र बांधले होते. एका वाटेनं गेलेली वीज दुसऱ्या वाटेनं परतायची, हिशेब जुळायचा नाही आणि डबा पडायचा. दुरुस्ती सोपी होती, न्यूट्रल वेगळे करायचे. ते न करता डबाच काढला. तक्रार बंद झाली, कारण तक्रार करणाराच काढून टाकला.

लोडशेडिंगच्या वर्षांनी घराघरात इन्व्हर्टर आणले आणि त्यांच्या मागून ही न्यूट्रलची गुंतागुंत आली. जुन्या पद्धतीत फेज कुठून आणि न्यूट्रल कुठून आला यानं बल्बला फरक पडत नव्हता. आरसीसीबीला पडतो. म्हणजे तात्याच्या अनुभवाची जी वर्षं मामा मोजतो, त्यातल्या बऱ्याच वर्षांत हा प्रश्नच अस्तित्वात नव्हता. अनुभव ही मोठी गोष्ट आहे, पण तो ज्या काळात मिळाला त्याच काळाचा असतो. पाच ॲम्पिअरच्या बल्ब-पंख्याच्या घरात हात बसलेला माणूस आता तीन किलोवॅटच्या गिझरच्या घरात उभा आहे. हा गिझर एकटाच तेरा ॲम्पिअर घेतो. त्याला चार चौरस मिलिमीटरची वायर हवी आणि लाईटच्या बोर्डापासून वेगळी लाईन हवी. हे सांगायला परवाना लागतोच असं नाही. पण ज्यानं आयटीआयला दोन वर्षं वायरमनचा नाहीतर इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलाय, त्यानं हा हिशेब निदान एकदा वहीत मांडलेला असतो.

मामा : आयटीआयची पोरं मी बघितलीत. सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणत्यात आणि होल्डर बसवताना हात थरथरतूय.

भाची : बसतात हळूहळू. तात्यांचाही पहिल्या दिवशी थरथरला असेल.

मामा : तात्याचा कधीच न्हाई. चालू लाईनीत हात घालतूय तो! मेन पाडायची गरज न्हाई, म्हणतूय. प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहिला की काम सुरू.

भाची : आणि तुम्ही खाली उभं राहून बघता?

मामा : मग काय करू?

भाची : एखाद्या दिवशी त्यांना तुमच्या घरात काही झालं तर?

आतापर्यंतचा सगळा वाद घर वाचवण्याचा होता. या प्रश्नानं तो खुर्चीवर उभ्या असलेल्या माणसाकडं वळला, आणि मामा पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला. मंगळवेढ्याला असं मरण नवं नाही. चोखोबा याच गावच्या कुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळून इतर मजुरांबरोबर गाडले गेले, असं परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे. त्यांच्यासोबतच्या मजुरांची नावं कुणाला माहीत नाहीत. काम करणाऱ्याच्या जिवाची किंमत काम देणाऱ्यानं धरावी, ही अपेक्षा तेव्हा करता येत नव्हती. आता करता येते. मेन पाडून काम करा, एवढं सांगायला घरमालकाला कसलं प्रमाणपत्र लागत नाही.

मामा : बरं, तू सांग. काय करायचं? तात्याला काढायचं म्हणशील तर न्हाई जमायचं. पोराच्या हळदीला तोच मांडवात असणार.

भाची : काढायचं कुठं म्हणतेय? वायर तात्यांनीच ओढावी. पण परवानावाला ठेकेदार आधी ठरवायचा, आणि सहीपुरता नाही. तात्या त्याच्या देखरेखीखाली काम करतील. तो दोनदा येईल. एकदा गिलाव्याच्या आधी, झिऱ्यांतले पाइप आणि वायरची जाडी बघायला. दुसऱ्यांदा सगळं झाल्यावर, मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन. आकडे तुमच्यासमोर लिहील आणि त्याखाली सही करील. न येता सही दिली तर पैसे द्यायचे नाहीत.

मामा : म्हंजे पैसे दोघांना.

भाची : दोघांना. मीटरच्या कागदाला तसेही देणारच होता. या वेळी त्या पैशात माणूस घरी येईल.

मामा : आणि नियमानं चालतंय का हे? तात्याला परवाना न्हाई.

भाची : (हसत) काटेकोर बोलायचं तर नाही. तारतंत्रीचा परवाना तात्यांनाच घ्यावा लागेल. अनुज्ञापक मंडळ परीक्षा घेतं, अनुभवी माणसाला वाट आहे. घ्या म्हणा त्यांना.

मामा : तात्या आणि परीक्षा!

भाची : का नाही? प्रश्न त्यांच्याच कामाचे असतात.

इथं एक कबूल करायला हवं. भाचीनं काढलेली वाट नियमाच्या अक्षरात पूर्ण बसत नाही. पण न आलेल्या माणसाच्या सहीपेक्षा ती सुरक्षित आहे, आणि तालुक्याच्या गावात बहुतेक ठिकाणी इतपतच घडवून आणता येतं. नियम करणाऱ्यांनी याकडं पाहायला हवं. 2010 चे सुरक्षा नियम जाऊन 2023 मध्ये नवे आले, पण परवानाधारक माणूस एका मजल्याच्या कामासाठी मंगळवेढ्यापर्यंत येईल अशी सोय नियमपुस्तकानं होत नाही. ती होईल ती तात्यासारख्यांना परीक्षेपर्यंत नेऊन, त्यांच्या बोलीत शिकवून आणि रोजगार बुडणार नाही अशा वेळी. ज्वारीची काढणी आणि लग्नसराई सोडून वर्षातला एखादा महिना तरी त्यांच्याकडं मोकळा असतो.

मामा : अर्थिंगचं काय? खालचं पण बघायचं?

भाची : आधी खालचं. खड्डा सुटलाय का ते मोजू. सुटला असेल तर नवं बसवू आणि खालच्या डीबीत आरसीसीबी लावू. आणि इन्व्हर्टरचे न्यूट्रल वेगळे करू.

मामा : पाणी कोण घालील त्यात?

भाची : भांडी विसळलेलं पाणी सोडा तिकडं. गटारात जातंच आहे.

मामा : आणि हे सगळं तात्याला सांगायचं कुणी? त्याच्या कामावर दुसरा कुणी यंत्र लावून बघणार, हे त्याला माझ्या तोंडून कसं सांगू? मनाला लागंल त्याच्या.

भाची : मी सांगते. सोमवारी रजा टाकून येते आणि मेगर आणते. पहिलं माप त्यांनाच घ्यायला लावते.

मामा : चहाचं मी बघतो. पण मेन तू पाडायला सांग, माझं ऐकायचा न्हाई तो.